मेंढरं न बसणारं टेकाड

इंदापुरात महामार्गाच्या कडेला आमचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी भरून देणं हा धंदा. पाटी नवऱ्याच्या नावाची, पण बाकावर बसून तांब्याची तार गुंडाळते ती मी. तो बोअरमधल्या मोटारी काढायला-सोडायला गावोगाव फिरत असतो. गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "मालक कुठं हायत?" मी मान वर न करता सांगते, "मोटार ठिवा. मीच भरणार हाय." काहीजण मोटार उचलून चालते होतात. पंधरा दिवसांनी दुसरीकडून भरलेली तीच मोटार पुन्हा जाळून माझ्याकडेच आणतात. तेव्हा मी एक शब्द बोलत नाही. फक्त त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लावते.

स्वभाव असा तिखट आहे म्हणूनच पुढचं सगळं घडलं, बरंही आणि वाईटही.

माझं माहेर बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर, माळावरच्या वस्तीत. तेरा उंबरे. आज्याच्या काळात सगळी घरं मेंढरांमागे फिरायची. आता थोडी ज्वारी, थोडं डाळिंब, कुणी एमआयडीसीत, कुणी ट्रकवर. माळाखाली कालवा आहे आणि कालव्यापलीकडे नजर जाईल तिथवर ऊस. आम्ही वर. विजेचा खांबही अजून माळ चढलेला नाही. वस्तीच्या बोअरला पाणी आहे, त्यावर सौर पंप बसवला होता आणि आठ महिने तो बरा चालायचा. घोटाळा व्हायचा पावसाळ्यात. आमच्याकडचा पावसाळा कसा असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ढग सगळा पाऊस घाटमाथ्यावर सांडून येतात आणि महिना महिना डोक्यावर नुसते उभे राहतात. ऊन नाही, पाऊस नाही. वारा मात्र असा, की घराच्या पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात. उन्हावाचून पंप कसाबसा दोन-चार हंडे पाणी काढायचा, आणि भर पावसाळ्यात बायका खालच्या उसातल्या विहिरीवर पाण्याला जायच्या.

असंच एकदा पाणी आणताना माझी वहिनी कालव्याच्या भरावावरून घसरली. मनगट मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ती प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून चुलीपुढे बसली होती. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सांगून टाकलं की बारामतीजवळ पिंपळीला एक खोली बघून ठेवली आहे, आता इथलं बास. आबा, आमचे वडील, म्हणाले, "तुमी जावा. मी न्हाय येत." मी वहिनीकडे बघितलं. तिनं डाव्या हातानं लाकूड आत सारलं.

"वन्सं, मला कुठं खोलीत ऱ्हायाची हौस हाय? पर मला दोनच हात, त्यातला एक गेला. औंदा पावसाळ्यात पाणी वर आलं तर राहीन. न्हायतर गणपतीच्या आत आमी निघालो."

ज्येष्ठ सरत आला होता. म्हणजे हातात दोन महिने. दादा गेला, वहिनी गेली, की आबांनाही आज ना उद्या उचलून न्यावंच लागणार. मग दाराला कुलूप. पिंपळीच्या खोलीत मी पाहुणी म्हणून जाईन, चहा घेईन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. त्याला कुणी माहेर म्हणत नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी रडत बसत नाही, कामाला लागते.

पवनचक्कीचं खूळ डोक्यात आधीपासून होतं. कन्हेरीकडच्या एका बागायतदारानं त्याच्या शेतातल्या छोट्या पवनचक्कीचा जळालेला जनरेटर माझ्याकडे आणून टाकला होता. उघडला तर आत चुंबकं, जाड तार, सगळं सावकाश फिरण्यासाठी बेतलेलं. जन्मभर मी भरलेल्या मोटारी वीज खाऊन फिरत आल्या. हा फिरून वीज देणारा. मी तो भरला, हातानं फिरवून बल्ब लावून बघितला आणि दुकानात एकटीच हसले. त्याला न्यायला कुणी आलंच नाही. फोन केला तर मालक म्हणाला, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या ताई, मला त्याचा कट्टाळा आला."

आता तोच बाहेर काढला. इंदापुरातल्या सुताराकडून हलक्या लाकडाची तीन पाती तासून घेतली. मी शेजारी बसून प्रत्येक पातं तराजूत तोलायला लावत होते, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बाई, इमान उडवायचंय का तुमाला?" बोअरचे जुने पाइप जोडून खांब केला, तळाशी बिजागरी बसवली, म्हणजे दुरुस्तीला खांब आडवा पाडता येतो. वस्तीतल्या ट्रकवाल्यांनी बॅटऱ्या जमवल्या. वाऱ्याची वीज बॅटऱ्यांत साठवायची आणि तिच्यावर बोअरमधली छोटी मोटार रोज काही वेळ चालवायची, एवढाच बेत. नवरा म्हणाला, "तुझ्या कानात वारं शिरलंय," आणि नटबोल्टची पिशवी स्वतःच भरून दिली.

मग वस्तीची बैठक झाली. खांब कुठे उभा करायचा? उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही: देवाच्या दारात.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. जे सगळ्यांचं, ते देवाच्या दारात. लग्नाची मोठी पातेली देवळात, पाण्याची टाकी देवळाशेजारी, ग्रामपंचायतीनं दिलेली बाकडीही तिथेच. कारण बाकी सगळी जमीन कुणा ना कुणाची आहे, आणि कुणाची म्हटली की शेजारच्याच्या कपाळाला आठी पडते. देवाच्या जागेवर कुणाची आठी चालत नाही. रीत शहाणपणाची आहे, फक्त ती करणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केलेला नव्हता. देवळामागे भला थोरला कडुनिंब आहे आणि त्याच्या फांदीला हात लावायची कुणाची छाती नाही. मला तो निंब दिसत होता. झाडाला आपटून वारं फुटतं, भोवरे होतात, हेही मला ठाऊक होतं. पण सगळे एकमतानं हो म्हणत होते, आणि आमच्या वस्तीत एकमत म्हणजे दुर्मीळ गोष्ट. मी मनात म्हटलं, खांब कळसापेक्षा उंच आहे, निभावेल.

आषाढात नारळ फोडून ट्रॅक्टरनं खांब उभा केला. पोरं ओरडली, बायकांनी हळदीकुंकू वाहिलं. पंखा फिरला, थांबला, गर्रकन तोंड वळवून उलटा फिरला, परत थांबला. शेपटीवर माशी बसलेल्या बैलासारखी त्याला वाऱ्याकडे वळवणारी मागची शेपूट इकडून तिकडे आपटत होती. बॅटरीत वीज जेमतेम जमायची. आठव्या दिवशी एक पातं मुळातून चिरलं आणि निम्मं तुटून देवळाच्या पत्र्यावर पडलं. कुणाला लागलं नाही, एवढीच कृपा.

"देवाच्या मनात न्हाय," लोक म्हणाले. दादा म्हणाला, "झालं समाधान तुझं?" वहिनी रिकामा हंडा डाव्या काखेत घेऊन खालच्या वाटेला लागली, आणि तेच मला जास्त लागलं. मी तुटकं पातं पिशवीत घातलं आणि एसटीत बसले. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मला बोलता येईना, इतकी मी रडत होते. लाज वाटत होती. चूक देवाची नव्हती, पात्याची नव्हती. माहीत असून गप्प बसणाऱ्या बाईची होती.

चार दिवस दुकानात मी कुणाशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी सुताराकडे नवी पाती टाकली आणि सकाळच्या गाडीनं पुन्हा माळावर गेले. या वेळी बैठक नाही. एकट्या आबांना घेऊन निघाले. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या घरात गेलंय, पण माळावर माझ्यापुढे चालतात. मी विचारलं, "आबा, मेंढरं कुठंकुठं बसवायचा?" ते खुलले. आखाडात या घळीत, थंडीत त्या बांधाच्या पोटाला, काठीनं एकेक जागा दाखवत गेले. प्रत्येक जागा वाऱ्याला पाठ देऊन असलेली.

"आन् कुठं बसवत नव्हता?"

ते थांबले. काठी उचलली नाही, नुसती हनुवटी केली. "ते टेकाड. तितं मेंढरू टिकत न्हाय. कोकरं गारठून मरायची. माझ्या बापानं सांगितलेलं, तितं वाघर लावायची न्हाय." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी.

मी टेकाडावर चढले. वर झाड नाही, झुडूप नाही. पदर डोक्यावर राहीना, खांद्यावरही राहीना, शेवटी कमरेला खोचला. वारं एका दिशेनं, एका ताकदीनं येत होतं, पाटाच्या पाण्यासारखं. मी खाली उतरले ती संतापूनच.

"आबा, तुमाला ठाव होतं. बैठकीत का बोलला न्हाय?"

"ते रान तात्याचं हाय," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं उत्तर संपलं होतं.

तात्या म्हणजे आबांचा चुलतभाऊ, माझा चुलता. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. आता माझ्या लक्षात आलं. त्या बैठकीत मेंढरांमागे आयुष्य काढलेली सहा-सात म्हातारी माणसं बसली होती. वारं कुठं आहे हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण टेकाडाचं नाव काढलं तर वाटणीचं भांडण उकरलं जाणार, म्हणून सगळे मूग गिळून बसले आणि देवाचं नाव पुढे केलं. त्यांच्यावर दात खावे तर मी तरी कुठे वेगळी होते?

नागपंचमी आठ दिवसांवर होती. त्या सणाला लेकी माहेरी येतात, आणि माहेरवाशिणीला कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही. भावकीतली घरंसुद्धा खणाची घडी हातावर ठेवतात. तात्याच्या घरचा खण अबोला झाल्यापासून बंद होता. मी पंचमीला गेले, वारुळाला पूजा केली, आणि बायका झोक्यांकडे वळल्या तेव्हा सरळ तात्याच्या ओसरीवर जाऊन बसले. बोलावणं नव्हतं. चुलती घाबरून आतबाहेर करायला लागली. तात्या बाहेर आले.

"तात्या, इतक्या सालांचा खण ऱ्हायलाय माझा," मी म्हटलं. "खण नगं. टेकाडावर खांबापुरती जागा द्या. आन् खांब धरून ठिवणाऱ्या तारांचे चार ताण बांधायला चार खुट्या."

ते माझ्यासमोर ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "वाटणीत तुझ्या बापानं काळी माती ठिवली आन् मला काय दिलं? दगड आन् वारं. आता वारं पायजे व्हय?" मला वाटलं आता हाकलणार. पण त्यांच्या आवाजात राग जुना होता, वापरून गुळगुळीत झालेला. "तुला न्हाय म्हणत न्हाय, लेक हायस. पर दिलेलं वारं मागायला बापानं यावं. आन् आज माती उकरायची न्हाय, पंचमी हाय. उद्या सकाळी मी टेकाडावर असंन."

मी हा निरोप घरी सांगितला. आबा भिंतीकडे तोंड करून बसले. "मी त्याच्या दारात जात न्हाय." दार नाही, टेकाड आहे, असं मी म्हटलं. "त्येच ते." दादा बोलला, मी बोलले, मी जरा जास्तच बोलले. आबा हलेनात. हट्ट माझ्यात कुठून आला ते मला त्या दिवशी समोर दिसत होतं.

मग वहिनी आतून आली. सासऱ्यापुढे उभं राहून बोलायची तिची रीत नव्हती. पदर पुढे ओढून, खाली बघत, पण स्पष्ट बोलली.

"आबा, बारा वर्सं झाली मला ह्या घरात. तुमच्या तांब्यात पाणी न्हाय असं कवा झालं न्हाय. कुठल्या वाटंनं आणते तुमी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. तात्यांच्या बांधावरनं आणते. खाली जायाला दुसरी वाटच न्हाय. त्यांनी मला एक दिस अडवलं न्हाय. मी पडले तवा मला उचलून आणणारी त्यांचीच सून व्हती."

आबांच्या शेजारी तांब्या होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. ज्याच्याशी बोलत नव्हते, त्याच्याच वाटेचं पाणी ते बारा वर्षं पीत होते. त्यांचं तोंड इतकं उतरलं, की मला माझ्या बडबडीचं वाईट वाटलं. सकाळी उठून बघते तर ते पटका बांधून दारात उभे होते. "चल," म्हणाले, जणू उशीर मीच करत होते.

टेकाडावर रामराम झाला नाही, गळाभेट तर नाहीच. तात्यांनी काठीनं हवेत रेघ ओढली. "वारं ह्या अंगानं येतं."

"श्रावणात," आबा म्हणाले. "आखाडात जरा वरल्या अंगानं."

"मी हितं रोज असतू."

"मी तुझ्या आदीपासनं हाय."

अर्धा तास ते वाऱ्यावरून भांडले. मी मध्येच सांगितलं, की दोघंही बरोबर, पंखा आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करतो. त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. शेवटी खड्डा कुठे घ्यायचा ते त्यांनीच ठरवलं, आणि पहिली कुदळ तात्यांनी आबांच्या हातात दिली.

पाती यायला, खांब हलवायला आणि टेकाडावरून बॅटऱ्यांपर्यंत केबल पुरायला पंधरा दिवस गेले. केबलच्या चरात वस्तीतल्या सगळ्या घरांचे हात लागले. खांब ट्रॅक्टरनं उचलला तेव्हा मी डोळे मिटले होते, हे आज कबूल करते. उघडले तेव्हा पंखा फिरत होता, शेपूट स्थिर, पात्यांचा एकसारखा सूं सूं आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी, आभाळ गच्च भरलेलं असताना, मी मोटारीचं बटण दाबलं. पाइप खोकला, गढूळ पिचकारी आली, मग पाणी. टाकीवर बायका वाकल्या. वहिनीचं प्लास्टर निघालेलं होतं. तिनं ते बारीक झालेलं मनगट धारेखाली धरलं आणि तसंच धरून ठेवलं. दादानं तिला हळूच विचारलं, "मग?" ती म्हणाली, "खोलीवाल्याला फोन लावा."

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. गणपतीत तीन दिवस वारा पडला आणि बायका पुन्हा खाली गेल्या. भाद्रपदाच्या वादळी पावसात जनरेटरमध्ये पाणी शिरून एक गुंडाळी जळाली. ती मी पुन्हा भरली. बेअरिंग एकदा बदललं. महिन्यातून दोन-तीनदा माझी फेरी ठरलेली. दुकानातली कामं रखडत होती, नवरा कुरकुरत होता आणि तरी मला गाडीवर सोडत होता. गेले की प्रत्येक वेळी वहिनी आणि तात्यांची सून यांना मी शेजारी बसवून घ्यायचे. जनरेटरच्या तिन्ही तारा एकत्र जोडणारा खटका ओढला की पाती जड होऊन थांबतात, ताण सैल झाला तर कुठला नट किती आवळायचा, बॅटरीत पाणी कुठपर्यंत. पहिल्यांदा दोघी खटक्याला हात लावायला भीत होत्या. मी ओरडायचे. ओरडल्याशिवाय मला शिकवताच येत नाही.

या आषाढात एका दुपारी इंदापुरात असं वारं सुटलं, की समोरच्या टपरीचा पत्रा उडून रस्त्यात आला. पाने, पक्कड, मीटर पिशवीत भरले, चप्पल घातली, शटर ओढणार तोच वहिनीचा फोन आला. मागं वाऱ्याचा एवढा आवाज, की ती ओरडून बोलत होती.

"वन्सं, वारं लई हाय. खटका वडला. पाती थांबली. वरल्या अंगाचा ताण सैल झालता, आमी दोघींनी आवळला. खांब जागच्या जागी हाय."

"मी निघालेच," मी म्हटलं.

"कशाला? आमी हाय की." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी पंचमीला या. पर पाना-पक्कड तितंच ठिवून या. साल झालं, तुमी आलात की टेकाडावर जाता आन् हात काळं करून गाडी गाठता. घरात बसलाच न्हाय. चार दिस नुसतं बसायला या."

चार दिवस नुसतं बसायला मी माहेरी शेवटची कधी गेले होते, ते आठवेना. येते म्हणाले. फोन ठेवला आणि पिशवीतले पाने, पक्कड, मीटर एकेक करून परत बाकावर काढून ठेवले.